कुरडयांची भिंत

वाऱ्याचं कौतुक करणाऱ्या माणसांचा मला राग येतो. मंद झुळूक, गार वारा, केसांशी खेळणारा वारा असलं काही लिहिणाऱ्यांनी एक मे महिना नागपूरजवळ आमच्या वाडीत येऊन काढावा. इथला वारा केसांशी खेळत नाही, थोबाडीत मारतो. दुपार झाली की पश्चिमेकडून तापलेली लू सुटते, आणि अमरावती रोडवरच्या ट्रकांनी सकाळपासून उडवलेली धूळ आम्हाला फुकट घरपोच मिळते. पाहुणे विचारतात, तुम्ही इथे राहता तरी कसे? मी सांगते, भिंतीच्या आड राहतो.

हे अगदी खरं आहे. आमच्या घराच्या पश्चिमेला अंगण आहे, अंगणाच्या कडेला कडुलिंबांची आणि करंजांची रांग आहे आणि त्या रांगेला लागून मातीची जाड भिंत. भिंतीच्या डोक्यावर कवेलू, म्हणजे कौलं, बसवलेले, पावसात भिंत विरघळू नये म्हणून. गल्लीतून जाणाऱ्या नव्या माणसाला वाटतं, इथे कोणीतरी फार जुन्या वळणाचं राहत असावं. जुन्या वळणाची मी मुळीच नाही. मला मोबाइलवरून वीजबिल भरता येतं, ते आमच्या यांना येत नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा भिंतही नव्हती आणि झाडंही नव्हती. दोन खोल्या, वर टिनं, आणि पश्चिमेला नजर जाईल तिथवर उघडं वावर. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही जेवायला बसलो असताना अशी आंधी आली, की स्वयंपाकघरावरचं एक टिन उठलं आणि चाललं. आमचे हे बनियनवर, हातात पोळीचा तुकडा धरून त्या टिनाच्या मागे धावले. मी वर पाहिलं तर आभाळ, खाली पाहिलं तर वरणात माती. टिन एका गोठ्यावर जाऊन आदळलं. तिथली म्हैस त्यानंतर आटली, असं तिचा मालक पुढे कितीतरी वर्षं भेटेल त्याला सांगत असे. आमच्या संसाराची गावात पहिली ओळख झाली ती म्हैस आटवणारं जोडपं अशी.

मग आम्ही दोघांनी मिळून भिंत घातली. प्लॉटमधलीच माती, तिच्यात कुटार कालवायचं, म्हणजे जनावरांपुढे टाकतात तो भुसा, पाणी घालून पायांनी तुडवायचं आणि थरावर थर चढवायचे. झाडं लावली. भांडी घासलेलं सगळं पाणी त्या रोपांना जायचं. शेजारच्या बकऱ्यांचा त्या रोपांवर डोळा, आणि माझा बकऱ्यांवर. लाजरीबुजरी नवी सून म्हणून आले होते. बकऱ्यांनी माझा आवाज मोकळा केला, तो अजून मोकळाच आहे.

मातीच्या भिंतीचे लाड फार असतात. दर उन्हाळ्यात तिला भेगा जातात, त्या मातीच्या गाऱ्याने लिंपायच्या. फुटके कवेलू बदलायचे. एखाद्या कोपऱ्यात उंदीर घर करतो, त्याला बाहेर काढायचं. आमचे हे दरवर्षी म्हणायचे, “सिमेंटची घालून टाकू एकदाची.” मी दरवर्षी म्हणायची, “सिमेंट दिवसभर तापते अन् संध्याकाळी आपल्याले भाजते. तुमाले भाजून घ्याचं असन त चुलीवर बसा.” हा संवाद झाला की आमचा उन्हाळा सुरू झाला असं आम्ही धरत होतो.

त्या भिंतीआडच्या अंगणाचा खरा उपयोग मात्र कुरडयांना. कुरडईला ऊन सणसणीत लागतं आणि वारा अजिबात चालत नाही. गच्चीवर घातली तर धूळ खाते किंवा उडून जाते. आमच्या अंगणात सकाळपासून कडक ऊन, वारा मात्र भिंतीच्या आणि झाडांच्या पलीकडे. दुपार कलली की झाडांची सावली अंगणात उतरते, आणि बायकांना बसायला जागा होते. होळी झाली की सगळ्या गल्लीचं वाळवण माझ्याकडे यायचं. कोणाची बाज कुठे पडेल, कोणाच्या पापडांना कोणता कोपरा, हे मी ठरवायची. त्या अंगणाची मी कलेक्टर होते.

आणि हे फक्त कुरडयांपुरतं नव्हतं. वावरं गेली, गोदामं आली. जुनी घरं गेली, भाड्याच्या खोल्या आल्या. कोण कोणाच्या शेजारी राहतं याचा पत्ता राहिला नाही. एरवी आमच्या गल्लीत कोणी कोणाच्या दारात पाय ठेवत नाही. पण उन्हाळ्यात सोऱ्या फिरवता फिरवता बायका सगळं सांगतात, सासूचं, पोरांचं, गुडघ्यांचं. चीक शिजतो, कोणी त्यावर साखर घेतं, कोणी तेल-तिखट. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलत असते. लेक पुण्याला, घरात आम्ही दोघं. ते दोन महिने मला वर्षभर पुरतात. नाही तर मी त्या घरात काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

असं सगळं ठीक चाललं होतं आणि घरात गाडी आली.

लेकाने पुण्यात नवी गाडी घेतली आणि जुनी एका ड्रायव्हरबरोबर बापासाठी पाठवून दिली. आमच्या यांची सगळी नोकरी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात झाली. कोणता ट्रक कुठे पोचला, कोणाचा टायर कुठे फुटला, हे फोनवर सांगण्यात केस पांढरे झाले, पण स्वतः स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता. गाडी दारात उभी राहिली आणि ते बदलले. गाडीला लिंबू-मिरची बांधली, कव्हर शिवून आणलं, पुसायला माझा धुतलेला टॉवेल घेतला. गल्लीतून ट्रक जायचा तेव्हा ते गाडीच्या आणि ट्रकच्या मधे जाऊन उभे राहायचे. घासला तर मला घासू दे, अशा थाटात.

एक दिवस म्हणाले, “अवं, गाडी बाहेर उभी आहे. ट्रक घासून जाऊन राहिले. अंदर घ्या लागते.”

“फाटकातून येते का?”

फाटकाच्या एका अंगाला विजेचा खांब आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची पक्की भिंत. स्कूटरही तिथून अंग चोरून येते.

“फाटकातून नाही येत,” हे म्हणाले. “भिंतीतून येते.”

“भिंतीतून भूत येते. गाडी नाही येत.”

“थोडीशीच पाडाची वं. तिथं एक मोठं फाटक लावू. एक निंबाचं झाड आडवं येते, ते मंग पाहू.”

‘मंग पाहू’ ऐकल्यावर मी हातातलं काम बाजूला ठेवलं. मी त्यांना भिंतीपासून म्हशीपर्यंत सगळ्याची आठवण करून दिली. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि गाडी पुसायला गेले. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या आठवड्यात नागपुरात नंदनवनला माझ्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. मी तिथे मुक्काम केला. या माणसाने इतक्या वर्षांत एकही काम वेळेवर केलेलं नाही. नळाचा वॉशर बदलायला यांना दोन उन्हाळे लागतात. पण मी परतले तेव्हा ऑटोतून उतरायच्या आधीच मला गोदामाच्या गल्लीतून माझं स्वयंपाकघर दिसलं. ओट्यावरचा डबा कोणता, तेही दिसलं. भिंतीला भलंमोठं खिंडार पडलं होतं, आणि अंगणात, जिथे माझ्या बाजा पडतात तिथे, गाडी नाक वर करून उभी होती.

यांनी ओळखीच्या एका ट्रक ड्रायव्हरकडून ती आत घालून घेतली होती. त्याने ट्रकच्या हिशेबाने घातली आणि गाडी थेट कडुलिंबाला चिकटली. ड्रायव्हरकडचा दरवाजा बुंध्यामुळे उघडेना. त्यामुळे आमचे हे दुसऱ्या बाजूने शिरायचे, गिअरवरून पाय टाकून पलीकडे सरकायचे आणि स्टिअरिंग धरून बसायचे. बाहेर निघताना आधी एक पाय यायचा, मग बराच वेळ काहीच यायचं नाही.

“ते झाड काहाडलं की दरवाजा मस्त उघडते,” ते आतूनच म्हणाले.

“आधी चालवाले शिका.”

“आधी जागा, मंग ड्रायव्हिंग.”

मी त्या दिवशी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गल्लीतल्या ज्यांना कुतूहल असेल त्यांनी ते ऐकलेलं आहे.

माझ्या अंगणाच्या भरवशावर बायकांचे गहू आधीच भिजले होते. गहू भिजले की कुरडई थांबत नाही. यांनी खिंडारावर एक ताडपत्री बांधून दिली आणि म्हणाले, “हे पाह्य, भिंतीपेक्षा भारी.” सकाळी बाजा पडल्या, त्यांच्यावर जुन्या साड्या पसरल्या आणि पांढऱ्याशुभ्र कुरडयांची वर्तुळं उमटली. गाडीमुळे जागा कमी पडली, पण बायकांनी सांभाळून घेतलं. दुपारपर्यंत मला वाटायला लागलं होतं, की निभावेल.

पलीकडच्या गोदामात काय ठेवतात हे आम्हाला कधी कळलं नव्हतं. त्या दुपारी कळलं. तिथे भिवापूरची मिरची होती आणि ट्रकमधून पोती उतरत होती. मिरची दरवर्षीच येत असणार. तिची भुकटी दरवर्षीच उडत असणार. आमच्या भिंतीने आणि झाडांनी ती आजवर आमच्यापर्यंत येऊच दिली नव्हती.

आधी ताडपत्री गेली. एका झटक्यात सुटली आणि गल्लीत दिसेनाशी झाली. मग एक बाई शिंकली. मग दुसरी. मग कोण शिंकतंय हे मोजण्यात अर्थ उरला नाही. डोळे उघडता येईनात, मिटले तर आत आग. कोणी पदर तोंडाशी धरलेला, कोणी कुरडयांवर आडवी पडलेली. आमच्या कुलरची पाठ अंगणाकडे आहे. त्याने ती सगळी हवा मन लावून ओढली आणि खोलीत बनियनवर घोरणाऱ्या आमच्या यांच्या तोंडावर सोडली.

“आग! आग लागली!” म्हणून हे बाहेर धावत आले. बायकांच्या डोळ्यांतलं पाणी आणि त्यामागचा राग दोन्ही त्यांनी एकदमच पाहिले असावेत. ते तडक गाडीत शिरले आणि काचा वर करून घेतल्या.

एप्रिलच्या दुपारी बंद गाडीत बसणं म्हणजे काय, ते नागपूरकराला सांगायला नको. बायकांनी गाडीला वेढा घातला. एकीने काचेवर सोऱ्या ठोकला. “काकाजी, बाहेर या! या अन् आमच्या कुरडया पाहा कशा झाल्या तं!” आतून हे हात जोडत होते. शेवटी घामाने थबथबून बाहेर आले, आधी एक पाय, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

कुरडया लाल झाल्या होत्या. लाल आणि करकरीत, कारण मिरचीबरोबर मातीही होती. एकीने चाखून पाहिलं आणि बाजेवरची साडी गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. गल्लीच्या टोकाला एका तीनमजली घराची गच्ची आहे. सगळं वाळवण तिकडे गेलं. तिथे धूळ बसते, अर्धे पापड उडतात, पण तिथे मिरची तरी येत नव्हती. मला बायकांचा राग आला नाही. त्या गच्चीवरून त्यांचं हसणं ऐकू यायचं, तेव्हा मी स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवायची.

आणि मी बोलायची थांबले. ठरवून नाही. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सकाळी उठायची, कामं करायची, रिकाम्या बाजेवर बसून त्या खिंडाराकडे पाहायची. ट्रक जाताना दिसायचे. ट्रकवाल्यांना मी दिसायची.

सुरुवातीला यांना बरं वाटलं. पेपर आडव्या-उभ्या शब्दांसकट वाचून होऊ लागला. मग अस्वस्थ व्हायला लागले. “भाजीत मीठ कमी आहे,” म्हणाले. मी मिठाची बरणी पुढे ठेवली. “कुलर गळून राहिला,” म्हणाले. मी खाली पातेलं ठेवलं. एकदा तर मी फरशी पुसल्याबरोबर हे चिखलाच्या पायांनी मुद्दाम या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि वळून माझ्याकडे पाहू लागले. मी पुन्हा फडकं घेतलं आणि पुसलं.

“काहून वं, तब्येत बरी नाही का?”

“बरी आहे.”

असेच दिवस गेले आणि मग झाडं कापणारा माणूस आला. यांनीच बोलावला होता, झाड तोडायची परवानगी कशी काढायची ते विचारायला. मी बाजेवर बसले होते. त्याने कडुलिंबाच्या बुंध्याला हाताने माप घेतलं, वर पाहिलं, फांद्या कुठे पडतील ते बोटाने दाखवलं. त्या झाडाला मी बकऱ्यांच्या तोंडातून ओढून वाढवलं होतं. मी उठले, घरात गेले आणि दार लावून घेतलं. मला मोठ्याने रडायचं होतं, तेही आलं नाही.

बाहेर हे बराच वेळ त्या माणसाशी काहीतरी बोलत होते. मग फाटक वाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मिस्त्री उभा. मागे कुटाराचा हातठेला.

“कापाचं काय झालं काकाजी?” मिस्त्रीने विचारलं.

“कापाचं काही नाही. भिंत घालाची आहे. मातीचीच.” माझ्याकडे न बघता हे म्हणाले, आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून गारा तुडवायला उतरले.

गारा तुडवल्याचा वास गल्लीत गेला की काय कोणास ठाऊक. अर्ध्या तासात गच्चीवरच्या बायका खाली. कोणी पाणी आणतंय, कोणी कवेलू पुसतंय. यांना चिखलात पाहून एक जण म्हणाली, “काकाजी, पाय जोरानं मारा, मिरची उतरन!” सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि लगेच मिस्त्रीला ओरडले, कारण तो थर फार पातळ चढवत होता. माझा आवाज ऐकून यांनी तुडवणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “पाहता काय? तुडवा!”

कुटार ठेवायला जागा नव्हती म्हणून ते कव्हर घातलेल्या गाडीवर ओतलं होतं. वरून रिकामी पोती आणि मिस्त्रीचा शर्ट. दिवसामागून दिवस काम चाललं, एकेक थर वाळू द्यावा लागतो. शेवटी कवेलू बसले. भिंतीवर हात फिरवून झाला, चहा झाला, फोटो झाला. शेवटचं कुटार झाडलं आणि खालून चाकं दिसली.

शेजारची बाई म्हणाली, “पण काकाजी, हे गाडी कुठून काहाडान आता?”

आमच्या यांनी भिंतीकडे पाहिलं. फाटकाकडे पाहिलं. विजेच्या खांबाकडे पाहिलं. इतकी माणसं, इतके दिवस, सगळे त्या गाडीला वळसा घालून घालून भिंत बांधत होतो, आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मिस्त्रीने घाईघाईने थापी धुतली, सायकल काढली आणि मागे न पाहता गेला. मी बाजेवर बसून इतकी हसले, की बायका पाणी घेऊन धावल्या.

तेव्हापासून गाडी अंगणात आहे. बायकांना तिचा काही त्रास नाही, उलट बॉनेटवर साबुदाण्याच्या चकल्या फार लवकर वाळतात. आमचे हे रोज तिच्यात बसून पेपर वाचतात. फोनवर लेकाने विचारलं, “बाबा, गाडी वापरता न?” हे म्हणाले, “हो तं, रोज बसतो.” पुढे लेकाला कळलं तेव्हा तो म्हणाला, पडून खराब होण्यापेक्षा विकून टाका, आणि त्याने तिकडूनच एक गिऱ्हाईक पाठवलं.

गिऱ्हाईक गाडी पाहून खूश झाला. नंतर त्याने भिंत पाहिली. चारी बाजूंनी फिरून आला आणि म्हणाला, “काकू, थोडी भिंत पाडून घेऊ. गाडी काहाडली की माहे माणसं लावून पुन्हा घालून देतो.”

मी यांच्याकडे पाहिलं. हातात फडकं होतं, आणि कुठेही न जाणाऱ्या गाडीचा आरसा ते पुसत होते. मला एकदम त्यांची दया आली. माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या पोचल्या का ते पाहिलं, स्वतःची एक मिळाली तर ती मातीत कोंडली. मी म्हटलं, “पाडू द्या त्याले. कुरडया झाल्या यंदाच्या. मंग पुन्हा घालू.”

“नाही,” हे म्हणाले.

“अहो काकाजी, इथं सडून जाइन गाडी.”

“सडू दे.” फडकं खांद्यावर टाकून ते त्या माणसाकडे वळले. “मागं भिंत पडली होती न, तवा ह्या बाया आल्या नाही. अन् हे बाई महिनाभर चूप बसली. मी पाय भरून आणले, तरी चूप. तुमाले नाही समजाचं, घरात मी एकटाच आहे असं वाटे. भिंतीले हात नाही लावाचा.”

गिऱ्हाईक माझ्याकडे पाहू लागला. मी पदर खोचला आणि म्हटलं, “म्हणजे ते चिखलाचे पाय मुद्दाम होते तर!” त्यावर मी जे सुरू केलं ते ऐकत गिऱ्हाईक फाटकापर्यंत मागे मागे गेला आणि निघून गेला. आमचे हे मात्र झाडाखालच्या खुर्चीत निवांत बसून राहिले, आणि मी मधे दम घ्यायला थांबले की म्हणायचे, “हं, मंग?”